चारदाती ॲम्प्लिफायर

आमच्या घरात आजवर एकच ॲम्प्लिफायर आला, आणि पाय धुतल्यामुळे तो वारला.

हे वाक्य मी बऱ्याच जणांना सांगून पाहिलं आहे. ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे बघतो, मग हळूच घड्याळाकडे बघतो, आणि मग त्याला अचानक कुठेतरी जायचं असतं! तेव्हा तुम्हाला तरी सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्ही बसून वाचताय, उठून जाणार कुठे?

आम्ही हिंगणघाटचे. बापू, म्हणजे माझे वडील, तिथल्या एका कापडाच्या मिलमध्ये साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे जिथे शेकडो माग एकाच वेळी धडधडतात ती जागा. तिथे माणूस ओरडून मेला तरी शेजारच्याला कळत नाही. म्हणून तिथली माणसं ओरडत नाहीत, नुसते ओठ हलवतात आणि समोरचा ते वाचतो. तंबाखू मागायची असो, मुलीचं लग्न ठरल्याचं सांगायचं असो की मुकादमाला शिव्या द्यायच्या असोत, सगळं ओठांवर. अशी पंचवीसेक वर्षं काढल्यावर बापूंचे कान जवळजवळ गेले, पण डोळे असे तयार झाले की ओसरीवर बसून ते समोरच्या दुकानातलं भांडण आम्हाला शब्दाला शब्द ऐकवत.

त्यामुळे आमच्या घराचे रिवाज वेगळे होते. बापूंशी बोलायचं तर समोर जाऊन, उजेडात तोंड करून बोलायचं. तोंडात घास असताना बोलू नये हा नियम इतरांकडे सभ्यतेचा असतो, आमच्याकडे गरजेचा होता. पाठमोरं बोललेलं बापूंना कळत नसे (याचा मी लहानपणी भरपूर फायदा घेतला), पण खिडकीच्या काचेत तोंड दिसलं की संपलं! एकटा माझा मामा त्यांना कधी कळला नाही. मामा तळेगावचा, श्यामजी पंतांच्या तळेगावचा, शेतकरी माणूस. त्याच्या मिशा एवढ्या दाट होत्या की वरचा ओठ आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता. मामा काय बोलतो ते बापूंना मुळीच समजत नसे, आणि म्हणूनच दोघांचे संबंध जन्मभर उत्तम राहिले.

माझी मोठी बहीण कुसुमताई नागपूरला मावशीकडे राहून मास्तरणीचं शिकत होती आणि सोबत गाणंही शिकत होती. तिचा आवाज फार गोड. एके दिवशी तिचा निरोप आला की नागपूरच्या रेडिओवर दुपारच्या बायकांच्या कार्यक्रमात ती दोन गाणी म्हणणार आहे. गल्लीत आनंदीआनंद झाला. मायनं (आमच्याकडे आईला माय म्हणतात) देवापुढे साखर ठेवली. बापूंनी माझ्याकडून तो निरोप दोनदा ओठांवर वाचून घेतला.

मग म्हणाले, "वसंता, पोरगी लहान होती तवा तिचं गाणं ऐकलंतं मी. मंग कान गेले. आता ती गाते तवा मी तिचं तोंड पाहतो. एक डाव मले तिचं गाणं ऐकाचं हाय. पाह्याचं नाई, ऐकाचं."

बापूंनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं हे पहिलंच. मी तिथल्या तिथे छाती पुढे काढून म्हणालो, "तुमी चिंता नका करू. मी हाय ना!"

आता 'मी हाय ना' याचा अर्थ सांगायला हवा. मी वर्ध्याच्या कॉलेजात सायन्स घेऊन इंटर झालो होतो, तेही पहिल्याच झटक्यात. शिवाय एका रद्दीवाल्याकडून मी रेडिओविषयीचं एक इंग्रजी मासिक आणलं होतं आणि ते डिक्शनरी घेऊन वाचलं होतं. निम्मं समजलं नाही, पण जे निम्मं समजलं ते चुकीचं समजलं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. गल्लीत कुणाचा रेडिओ खरखरला की मला बोलावत. मी गंभीर चेहऱ्यानं एरियलची तार हलवायचो, रेडिओ आपोआप नीट व्हायचा आणि मी चहा पिऊन परत यायचो.

आमच्या घरी एक जुना रेडिओ होता. आवाज पूर्ण सोडला आणि बापूंनी कान अगदी चिकटवला तरी त्यांना फक्त कुठेतरी गिरणी चालल्यासारखं वाटायचं. म्हणजे आवाज वाढवायला हवा होता. आणि दैवयोगानं घरात दोन स्पीकर होते! त्याचं असं झालं की मिलचा जुना मॅनेजर विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. माझ्या अभ्यासासाठी म्हणून बापूंनी त्यातली पुस्तकं ठेवायची एक फळ्यांची मांडणी घेतली. त्या मांडणीच्या दोन टोकांना, पुस्तकांना टेकण म्हणून ठेवल्यासारख्या, सागवानी लाकडाच्या दोन लहान पेट्या होत्या. समोर तपकिरी कापड, मागे तारा. माय त्यांच्यावर कुंकवाचा करंडा ठेवायची. समोरच्या गंगूमावशीनं तर छातीठोक सांगितलं होतं, "साहेब यात कबुतरं पोसत असन!" पण मी ओळखलं. मासिकात अगदी तसंच चित्र होतं.

थोडक्यात, आवाज देणारा रेडिओ होता, आवाज बाहेर टाकणारे स्पीकर होते. मध्ये फक्त एक ॲम्प्लिफायर हवा होता, बापूंच्या बोनसात बसेल असा. तो निवडणं हे माझं काम. मी मासिकातली पानं दुमडून ठेवली, कागदावर आकृत्या काढल्या आणि खरेदीला निघणार, तोच मामा तळेगावहून हजर झाला.

मामाला सगळं समजावून सांगितलं. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे रेडिओ हा धुरकरी, गाडी हाकणारा. हे दोन डबे म्हणजे गाडी. अन् मधात ओढणारा पाह्यजे, तो बैल. असंच नं?"

"तसंच म्हणा."

"मंग बैल घेताना तू एकटा जाऊन राह्यला? मले सोडून?"

आख्ख्या आष्टी तालुक्यात मामाच्या तोडीचा बैलांचा पारखी नव्हता. बाजारात मामा नुसता एका जोडीपुढे उभा राहिला तरी तिचा भाव चढायचा. लोक दूरदूरच्या गावांहून त्याला बैल पाहायला घेऊन जात. तो बैलाच्या डोळ्यात बघायचा, पाठीवर थाप मारायचा, तोंड उघडून दात मोजून वय ताडायचा, आणि सांगायचा ते खरं निघायचं. माझा मामावर फार जीव होता, विश्वास तर त्याहून जास्त. म्हटलं, चला! एक सायन्सवाला आणि एक बैलवाला, फसणार कसे?

पहिल्यांदा आम्ही वर्ध्याला रेडिओच्या दुकानात गेलो. दुकानदारानं एक चिमुकला, देखणा ॲम्प्लिफायर काढून समोर ठेवला. "तुमच्या त्या लहान स्पीकरना हाच पुरे," तो म्हणाला. मामानं तो उचलून तळहातावर तोलला. मग मागं वळवला, जाळीतून आत वाकून पाहिलं. आत काचेचे दोन व्हॉल्व्ह होते.

"दोनच दात?" मामानं विचारलं.

"काय?" दुकानदार म्हणाला.

"दोनदाती हाय हा," मामा मला बाजूला घेऊन कुजबुजला. "वासरू हाय वासरू! याच्या खांद्यावर जू ठेवशीन तं बसून घेईन. वर्षभर चारा खाईन, मंग कुठी कामाले येईन. चाल."

मला वाटलं, मासिकात व्हॉल्व्हबद्दल काहीतरी लिहिलेलं होतं खरं. आणि दोन म्हणजे कमीच नाही का? सायन्सच्या दृष्टीनंही मामाचं म्हणणं बरोबर वाटलं. आम्ही निघालो.

मग नागपूरला गेलो. तिथे लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेलं सामान एका बाजारात मिळायचं. त्यात एक हिरवा ॲम्प्लिफायर सापडला, चांगला जड, स्वस्तही. माझे डोळे चमकले. मामानं मागची जाळी उघडायला लावली आणि बोट पुढे करून व्हॉल्व्ह मोजले. मग मान हलवली.

"आठ."

"आठ म्हणजे चांगलंच नं, मामा?"

"अरे येड्या! आठ दात म्हणजे जुळला बैल! म्हातारा! लढाईत वापरला अन् आता आपल्या गळ्यात घालून राह्यले. हा उन्हाळ्यात पडला तं उठाचा नाई."

विकणारा बिचारा एकदा मामाकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. "आप लोग क्या बात कर रहे हो?" त्यानं विचारलं. मामानं त्याच्या खांद्यावर सहानुभूतीनं हात ठेवला आणि म्हणाला, "तुमचा दोष नाई. लढाईनं खराब केला त्याले." आणि आम्ही रिकाम्या हातांनी परत आलो. गाण्याचा दिवस जवळ येत होता. बापू रोज संध्याकाळी मिलमधून आल्यावर माझ्या तोंडाकडे पाहत, आणि मी तोंड फिरवून "होते, होते" म्हणायचो. (तोंड फिरवल्यामुळे त्यांना ते कळत नव्हतं, हीच सोय.)

शेवटी कुणीतरी गिरडच्या बाबूभाईंचं नाव काढलं. बाबूभाई मंडपवाले. गिरडच्या टेकडीवर दर्ग्याचा उरूस भरला की त्यांचे भोंगे लागत. त्यांनी नवीन सामान घेतलं होतं आणि जुना ॲम्प्लिफायर पडून होता. आम्ही गिरडला गेलो. बाबूभाईंनी अंगणातल्या कडुलिंबाच्या झाडावर भोंगा टांगला होता. त्यांनी ॲम्प्लिफायर लावला आणि मायक्रोफोनमध्ये नुसतं "हॅलो" म्हणाले.

काय सांगू महाराज! लिंबावरचे कावळे एकदम उठले आणि टेकडीपलीकडे गेले. शेजारच्या घरातून एक म्हातारी लाटणं घेऊन बाहेर आली. रस्त्यावरून जाणारा एक टांग्याचा घोडा मालकाला विचारल्याशिवाय समुद्रपूरच्या दिशेनं निघून गेला. मामा मात्र जागचा हलला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो हळूहळू ॲम्प्लिफायरपाशी गेला, मागे वाकला, आणि मोजू लागला.

"चार!" तो म्हणाला. "वसंता, चारदाती! ऐन उमेदीतला!"

आणि व्हॉल्व्ह तरी केवढे! वांग्याएवढे एकेक. मीही खुलून गेलो. वरच्या पट्टीवर वॅटचा आकडा कोरलेला होता, तो माझ्या मासिकातल्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा होता. आकडा मोठा तर यंत्र चांगलं, एवढं सायन्स मला येत होतं.

बाबूभाई मात्र भले गृहस्थ. आम्ही स्पीकर केवढे आहेत ते हातांनी दाखवलं तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे भैया, ये मशीन उन छोटे डब्बों के लिए नहीं है. फाड़ डालेगी!"

मामानं मला ओढतच गोठ्यामागे नेलं. "ऐकलं का? आपल्याच मालाची निंदा करून राह्यला! बाजारात असं कोण करते? ज्याच्या मनात विकाचं नाई तोच करते. म्हणजे माल असल हाय. आता सोडाचा नाई!"

तिसाव्या मिनिटाला सौदा झाला. त्या अर्ध्या तासात बाबूभाई 'मत लो' म्हणत होते आणि जसजसे ते 'मत लो' म्हणत तसतसा मामा आणखी पेटत होता. बाबूभाई शेवटी दमले आणि 'हो' म्हणाले. येताना प्रवासी मोटारीत मामानं ॲम्प्लिफायर उपरण्यात गुंडाळून आपल्या जागेवर बसवला आणि स्वतः हिंगणघाटपर्यंत उभा आला.

आता ज्या गोष्टीमुळे घात झाला तिकडे येतो.

आमच्याकडे नवा बैल घरी आला की त्याला तसाच आत घेत नाहीत. घरची लक्ष्मी तांब्याभर पाणी घेऊन दारात येते, बैलाचे पाय धुते, कपाळाला कुंकू लावते, भाकरीचा घास देते. जनावर उद्यापासून घरासाठी राबणार, त्याचा मान नको का करायला? मी या रिवाजाला आजही नावं ठेवणार नाही. मामानं दारातूनच हाक दिली, "बाई, पाणी आण व! चारदाती आणला!"

माय तांब्या, कुंकू आणि भाकरी घेऊन आली. गल्लीतल्या बायकाही जमल्या. मायनं ॲम्प्लिफायरभोवती एक चक्कर मारली. "पाय कोणते रे दादा याचे?"

मामा खाली वाकला. खाली रबराच्या चार गुंड्या होत्या. "हे काय! चार पाय, बरोबर."

माय शहाणी बाई. तिनं तांब्या कलता करण्याआधी माझ्याकडे पाहिलं. "वसंता, तू सायन्सवाला. पाणी चालते नं रे याले?"

आख्खी गल्ली माझ्याकडे बघत होती. आता इथे 'नाही' म्हणण्याहून सोपी गोष्ट नव्हती. पण मला एकदम माझं ज्ञान दाखवायची हुक्की आली. मी म्हणालो, "पायाले चालते. पाय रबराचे हाय. रबरातून वीज जात नाई." वाक्य शास्त्राच्या दृष्टीनं अगदी बिनचूक होतं!

मायनं चार थेंब शिंपडले. तेवढ्यावर थांबलं असतं तर हा ॲम्प्लिफायर कदाचित आजही जिवंत असता. पण मामा खवळला. "हे काय व? चिमणी पाणी पेते का? एवढ्या मोठ्या जनावराले एवढंसं पाणी? आण इकडे!" आणि त्यानं तांब्या घेऊन पहिल्या गुंडीपासून चौथ्या गुंडीपर्यंत, मधलं सगळं अंतर जाळीसकट धरून, सढळ हातानं रिकामा केला. मग मायनं कुंकू लावलं, आणि भाकरीचा तुकडा वरच्या जाळीवर ठेवला.

खालून पाणी गळताना मी पाहिलं. आत किती राहिलं ते पाहिलं नाही. "उन्हात ठेवू," मी म्हणालो, आणि गच्चीवर मायच्या कुरडयांच्या शेजारी तो वाळत ठेवला. लावून बघायचं म्हटलं तर मामा म्हणाला, आल्या दिवशी बैल जुंपत नाहीत. दुसऱ्या दिवशी अमावास्या निघाली, अमावास्येला कोण जुंपतं? अशा रीतीनं तो थेट गाण्याच्या दिवशीच जुंपायचा ठरला.

त्या दिवशी बापूंनी रजा टाकली होती. धुतलेलं धोतर, काळी टोपी, दाढी गुळगुळीत. मी मांडणीतली पुस्तकं काढून दोन्ही पेट्या दोन बाजूंना ठेवल्या आणि मधोमध खुर्ची मांडली. बापू त्या खुर्चीत दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून फोटोला बसल्यासारखे बसले. घरात, दारात, खिडकीत माणसं मावत नव्हती. गंगूमावशी पाट घेऊन सगळ्यांच्या पुढे बसली होती. मामा ॲम्प्लिफायरच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, न जाणो बिथरला तर!

मी तारा जोडल्या, देवाचं नाव घेतलं (सायन्सवाल्यांनाही घ्यावं लागतं) आणि बटण दाबलं.

चारही दात हळूहळू लाल झाले. "पाह्य, कसा तेजाळून राह्यला!" मामा म्हणाला. आतून गुरगुर सुरू झाली. गुरगुर वाढत चालली. पेट्यांवरचं तपकिरी कापड थरथरू लागलं. मग ओल्या पोत्याला आग लागावी तसा वास आला, आणि मग एवढा मोठा 'फाट्' असा आवाज झाला की गंगूमावशी पाटासकट मागे सरकली! दोन्ही पेट्यांची कापडं फाटून पुढे आली. जाळीतून काळा धूर निघाला. घरातला फ्यूज गेला. आणि सगळीकडे सामसूम झाली.

त्या सामसुमीत बापू खुर्चीतून अर्धवट उठले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"आला!" ते म्हणाले. "आला आवाज! ऐकू आलं मले! कुसुमच होती नं?"

मामानं टोपी काढली. मला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं, पण जमीन आमच्याकडे काळी आणि चिकट, पटकन दुभंगत नाही. मी फ्यूजकडे धावलो आणि कशीबशी तार घातली. ॲम्प्लिफायरच्या तारा सोडवून तो बाजूला काढला. रेडिओ वाचला होता! तो नेहमीच्या बारीक आवाजात खोकून जागा झाला, आणि निवेदिका म्हणाली की आता कुमारी कुसुम गाणार आहेत.

ताई गाऊ लागली. सगळ्यांची तोंडं रेडिओकडे वळली. बापू सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहून हळूच विचारलं, "सुरू झालं का?"

तिकडे नागपुरात त्यांची मुलगी गात होती, इकडे ते आख्ख्या गल्लीत एकटे होते, आणि हे सगळं मी निवडलेल्या वस्तूमुळे झालं होतं. मी रडण्याच्या बेतात होतो.

तेवढ्यात माय उठली. माझी माय जुन्या मर्यादेची. चार माणसांत नवऱ्यासमोर बसणं सोडा, पाणी द्यायचं तरी पेला बाजूच्या कोनाड्यात ठेवायची. ती गर्दीतून वाट काढत आली, बापूंच्या खुर्चीपुढे जमिनीवर मांडी घालून बसली, आणि तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला, तोंड नीट उजेडात यावं म्हणून. बापूंकडे बघून तिनं ओठ हलवायला सुरुवात केली.

आवाज नाही, नुसते ओठ. ताई जे गात होती ते माय जुळवून म्हणत होती. दिवाळीच्या सुटीत ताईनं चुलीपाशी बसून तालमी केल्या होत्या आणि भाकरी थापता थापता मायला सगळं पाठ झालं होतं, हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. ताई जिथे सूर लांबवायची तिथे मायचा ओठ तसाच उघडा राहायचा. ताई थांबली की माय थांबे. आवाज रेडिओतून येत होता आणि चेहरा समोर होता, असं वाटत होतं की मायच गातेय. बापूंनी हात गुडघ्यांवरून उचलले आणि बोटांनी ताल धरला.

पहिलं भजन होतं, ते निभावलं. दुसरं निघालं भावगीत! त्यात दर कडव्याच्या शेवटी 'सख्या' होतं. पहिला 'सख्या' आला तेव्हा मायचे कान लाल झाले. तिनं बाजूला पाहिलं, गल्ली दारात उभी. मागे पाहिलं, सख्खा भाऊ उभा. वाटलं, आता हा शब्द गिळते. पण माय हटली नाही! तिनं बापूंच्या डोळ्यांत पाहून, भरल्या घरात, दिवसाउजेडी, ओठांनी स्वच्छ म्हटलं, "सख्या."

"अव्व माय!" गंगूमावशी म्हणाली, आणि तिनं स्वतःच्याच तोंडाला पदर लावला.

मला माझ्या आईचा त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा नंतर कधी कुणाचा वाटला नाही. मामाच्या मिशा भिजून खाली आल्या होत्या आणि त्याचा वरचा ओठ आम्हाला प्रथमच दिसला.

गाणं संपलं. मायनं पदर पुन्हा डोक्यावर घेतला आणि एकदम चहा टाकायला पळाली. बापू बसूनच होते. मग म्हणाले, "दुसऱ्या कडव्यात पोरीनं श्वास मधातच तोडला."

ताई पुढच्या आठवड्यात घरी आली. येताच बापूंसमोर उभी राहून म्हणाली, "बापू, सारं बरं झालं, पण दुसऱ्या कडव्यात माहा श्वास..."

"मालूम हाय मले," बापू म्हणाले. "ऐकलं नं मी."

ॲम्प्लिफायरचं पुढे काय झालं विचाराल, तर मामा तो तळेगावला घेऊन गेला. कामात असताना पडलेलं जनावर विकायचं नसतं, म्हणाला. पण खरी गंमत वेगळीच झाली. बापूंनी मिलमध्ये, साचेखात्यात, ओठांवर ओठांवर सगळ्यांना सांगून टाकलं की पोरानं असा ॲम्प्लिफायर आणला की गाण्यातला शब्द न् शब्द ऐकू आला! मी एकदा त्यांना म्हणालो, "बापू, तो तर जळलाता." ते म्हणाले, "तू आणला नसता तं तुही माय समोर येऊन बसली असती काय?" पुढे कित्येक वर्षं हिंगणघाटातली माणसं रेडिओ, स्पीकर, ॲम्प्लिफायर घ्यायचं असलं की माझा सल्ला घ्यायला येत. मी गंभीर चेहऱ्यानं वॅट विचारायचो आणि चहा प्यायचो.

यथावकाश माझं लग्न झालं. एका दुपारी मी नव्या ॲम्प्लिफायरचं चित्रांचं पुस्तक मांडीवर उघडून बायकोला ही सगळी हकिगत रंगवून सांगितली. ती भाजी निवडत ऐकत होती. मग मी चित्रांत डोकं घातलं. ती काहीतरी बोलली, मी "हूं" म्हणालो. ती पुन्हा बोलली. शेवटी तिनं भाजीची परडी खाली आपटली.

"तुमच्या बापूचे कान गेलते, तरी त्याईले सारं ऐकू ये! तुमचे दोन्ही कान साबूत हाय, अन् मी कवापासून बोंबलून राह्यली का चुलीवर दूध उतू चाललं!"

मी चित्रावरून नजर न काढता म्हणालो, "काय म्हणालीस?"